फोनच्या डोळ्यावर पट्टी

वाळूजच्या एमआयडीसीत काही कारखान्यांच्या फाटकावर माणसाच्या झडतीआधी फोनची झडती होते. सिक्युरिटीवाला हात पुढे करतो, आपण निमूटपणे फोन देतो आणि तो पुढच्या-मागच्या कॅमेऱ्यांवर एकेक स्टिकर चिकटवतो. बाहेर पडताना ती स्टिकरं शाबूत आहेत ना, हे बघितल्याशिवाय सुटका नाही. कारण उघड आहे. आत कुठेतरी पुढच्या दिवाळीला बाजारात यायची गाडी अर्धवट कपड्यांत उभी असते आणि तिचा फोटो तिच्याआधी बाजारात पोचलेला मालकाला चालत नाही. बजाजचा कारखाना १९८५ साली वाळूजला आला, तेव्हा कुठल्याही कारखान्यातलं गुपित बाहेर न्यायचं तर चोराला चित्रकला यावी लागायची. आता अंगठा पुरतो.

माझा भाचा अशाच एका कारखान्यात क्वालिटीला आहे. सुटल्यावर स्टिकर काढायला कुणाची ना नसते, पण उद्या परत लावायचंच आहे तर काढायचं कशाला, असा त्याचा हिशेब. त्यामुळे तो आजीला व्हिडिओ कॉल करतो तेव्हा आजीला नुसता काळोख दिसतो.

"लाईट गेली का रे तुमच्याकडं?"

"नाही आजी, कंपनीचं स्टिकर हाये."

"कंपनी पगार देती म्हणून तोंड बी झाकून ठिवायचं का?"

आजीचा सवाल भाच्याला लागला नाही, मला लागला. कारखान्याला आपल्या नटबोल्टांची एवढी काळजी, आणि आपण? आपला फोन रात्री उशाशी, सकाळी दाढीच्या आरशाशेजारी, जेवताना पाण्याच्या तांब्याला टेकून उभा. संसाराच्या इतक्या वर्षांत बायकोला न कळलेल्या काही गोष्टी त्याच्यासमोर राजरोस घडलेल्या आहेत. मध्यरात्री फ्रिज उघडून चाललेलं श्रीखंडसंशोधन ही त्यातल्या त्यात सांगण्याजोगी.

ही भीती फक्त आमच्यासारख्या रिकामटेकड्यांची नाही. २०१६ साली इन्स्टाग्रामचे वापरकर्ते ५० कोटी झाले म्हणून मार्क झुकरबर्गने हसरा फोटो टाकला. लोकांनी त्याच्या मागचा लॅपटॉप न्याहाळला, तर कॅमेऱ्यावर चिकटपट्टी. अमेरिकेच्या एफबीआयचे तेव्हाचे प्रमुख जेम्स कोमी यांनीही त्याच वर्षी सांगून टाकलं की मीही पट्टी लावतो. जगाचे फोटो ज्याच्या दुकानात आणि जगाची गुपितं ज्याच्या कचेरीत, ते दोघेही आपल्या टेबलावरच्या यंत्रासमोर पदर सावरून बसतात म्हटल्यावर माझ्यासारख्या सिडकोत राहणाऱ्या माणसाने बेसावध का राहावं?

मी घरातल्या काळ्या इलेक्ट्रिक टेपचा एक तुकडा कापला आणि पुढच्या कॅमेऱ्यावर लावला. फोनला ताबडतोब रात्र झाली. भर दुपारी बारा वाजता पडदा इतका मंद, की बातम्या वाचायला बॅटरी लागावी. उजेड मोजणारा सेन्सर अनेक फोनांत कॅमेऱ्याच्या शेजारीच बसवलेला असतो. पट्टी जरा रुंद झाली की त्याचेही डोळे मिटतात, आणि मालक झोपले असं समजून फोन दिवा बारीक करतो. इतकी अदब घरात दुसरं कुणी दाखवत नाही.

शेवटी भाच्यानेच सुधारलेला मार्ग दाखवला. २०२१ साली आलेल्या अँड्रॉइड १२ पासून फोनमध्ये एक स्विच आहे. वरून बोटाने खाली ओढायचं, 'कॅमेरा ॲक्सेस' बंद करायचा, की सगळ्या ॲपना एकदम अंधार. शिवाय कुठलंही ॲप कॅमेरा वापरायला लागलं की कोपऱ्यात हिरवा ठिपका उजळतो. आयफोनला हा ठिपका त्याच्या एक वर्ष आधीच आला, आणि त्यात 'स्क्रीन टाइम'च्या निर्बंधांत जाऊन कॅमेरा पार गायबच करता येतो. पण हा बंदोबस्त शेवटी फोनच्याच हातात. २०२१ मध्ये गाजलेल्या पेगासस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरबद्दल सांगितलं गेलं ते हेच, की ते फोनमध्ये शिरलं की कॅमेरा आणि माइक परस्पर चालू करू शकतं. पहारेकरीच फितूर झाला तर दाराला कुलूप आहे हे सांगणारा कोण? तिथे ते अडाणी स्टिकर बरं. त्याला हॅक करायला नख लागतं आणि नखाची खूण राहते.

स्विच बंद करून मी निर्धास्तपणे गुलमंडीवर गेलो. चहा घेतला आणि पैसे द्यायला फोन काढला. क्यूआर कोडसमोर धरला, तर फोनवर काळोख. मागे रांग, पुढे चहावाला.

"क्या हुआ काका?"

"कॅमेरा बंद केलाय."

"खराब हो गया?"

"नाही. प्रायव्हसीसाठी."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. एका चहात लपवण्यासारखं काय आहे, हा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ होता. मग समजुतीने म्हणाला, "दस रुपये का तो मामला है काका, खोल दो ना." मी खोललं. आपल्या देशात आता कॅमेरा फोटोपुरता उरलेला नाही, तो पाकिटाचं तोंड झालाय. तो बंद ठेवणाऱ्याने खिशात सुटे बाळगावेत.

चालत परत येताना मात्र चहावाल्याचा न विचारलेला प्रश्न सोबत होता. लपवण्यासारखं काय आहे? माझं लहानपण औरंगपुऱ्यातल्या एका वाड्यात गेलं. सहा बिऱ्हाडं, एक नळ, एक आड. तिथे खासगी असं काही नव्हतंच. कुणाकडे वरणाला फोडणी कशाची पडली, कुणाची पोरगी कुणाशी बोलली, कुणाचा मनीऑर्डरवाला या महिन्यात आला नाही, सगळं सगळ्यांना ठाऊक. माडीवरच्या एक काकू तर खिडकीत बसून अख्ख्या आळीचं चित्रीकरण करायच्या, आणि संध्याकाळी ओट्यावर त्याचं प्रक्षेपण व्हायचं. तरी त्या वाड्यात मला कधी आता वाटते तशी धास्ती वाटली नाही. कारण काकू बघतात हे आम्हाला दिसायचं. मान वर करून "काकू, जेवण झालं का?" एवढं विचारलं की त्या दचकून आत जायच्या. बघणाऱ्याकडे उलट बघता यायचं. फोनच्या भिंगाकडे कितीही रोखून पाहा, पलीकडे कोण बसलंय ते कळत नाही. जेवण झालं का, हे विचारणार कुणाला?

हे बघणं-दिसणं आमच्या शहराला नवं नाही. बीबी का मकबऱ्यात औरंगजेबाची बेगम दिलरास बानूची कबर खालच्या पातळीवर आहे आणि तिच्याभोवती संगमरवरी जाळ्यांचा अष्टकोन. जाळीची करामत सोपी असते. आत सावली, बाहेर ऊन. आतल्याला बाहेरचं सगळं दिसतं, बाहेरच्याला फक्त नक्षी. बेगम गेली १६५७ साली. सारा जन्म पडद्यात गेला, मेल्यावरही जाळी मिळाली, आणि आता वरच्या कठड्यावरून वाकून लोक मोबाइल धरलेले हात लांब करतात. तिला कुणी विचारलेलं नाही.

त्या कठड्याशी उभं राहिल्यावर आपल्या फोनची गंमत कळते. फोनची काच हीसुद्धा जाळीच, फक्त आपली जागा चुकलेली. आपल्याला वाटतं आपण आत सावलीत बसून जग बघतोय. प्रत्यक्षात ऊन आपल्यावर आहे आणि सावली पलीकडे. कॅमेरा बंद करणारा माणूस जगाकडे पाठ फिरवत नसतो, तो फक्त आपली खुर्ची जाळीच्या योग्य बाजूला सरकवत असतो.

पलीकडे दौलताबादला हेच शास्त्र लढाईसाठी वापरलेलं आहे. खंदक ओलांडून शत्रू पुढे आला की त्याला 'अंधारी' लागते. डोंगराच्या पोटातला वळणावळणाचा काळाकुट्ट रस्ता. तिथे तलवारीपेक्षा अंधार जास्त कामाचा. आलेल्याला पुढची पायरी दिसत नाही, आणि किल्लेकऱ्याला त्याची प्रत्येक पायरी पाठ. आता पोरं त्या अंधारीत मोबाइलची बॅटरी लावून किंचाळतात आणि वटवाघळं वैतागतात. पण किल्ला बांधणाऱ्यांनी एक गोष्ट ओळखली होती. समोरच्याला काय दिसू द्यायचं नाही हे ठरवता आलं, की निम्मी लढाई संपली.

याचा पुरावा आजच्या फसवणुकीत मिळतो. 'डिजिटल अरेस्ट' नावाचा धंदा करणारे भामटे पोलीस किंवा सीबीआयचे अधिकारी म्हणून व्हिडिओ कॉल करतात. मागे ठाण्याचा देखावा, अंगावर वर्दी, आवाजात दरारा. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडली, तुम्हाला अटक झालेली आहे. आणि पुढचा हुकूम हा, की कॅमेरा बंद करायचा नाही, समोरून हलायचं नाही. शिकलीसवरलेली माणसं तासन् तास, कधी दिवसेंदिवस, घरातल्या घरात फोनसमोर कैदेत बसतात आणि आयुष्याची पुंजी पाठवून देतात. अशी अटक कायद्यात मुळी नाहीच. २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनीही तेच सांगितलं, आणि तक्रारीसाठी १९३० हा क्रमांक आहे. मला त्यातलं लक्षात राहिलं ते त्या भामट्यांनाच वाटणारं भय. बँकेचं कुलूप, कायदा, पोलीस यांना न घाबरणारी ही टोळी एका गोष्टीला घाबरते. समोरच्या म्हाताऱ्याने कॅमेरा बंद करून शेजारच्याला हाक मारली तर? त्यांचा सगळा तुरुंग त्या एका भिंगावर उभा असतो, आणि तुरुंगाची किल्ली कैद्याच्याच बोटाखाली असते.

म्हणून आता लपवण्यासारखं काय आहे, या प्रश्नाला मी बिचकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. नऊ न्यायमूर्ती, आणि नऊंचं एकमत. आमच्या घरात पंख्याच्या वेगावर दोघांचं होत नाही. तो हक्क गुन्हेगारांसाठी राखून ठेवलेला नाही, बनियनवर बसून श्रीखंड खाणाऱ्यांनाही लागू आहे. दाराला कडी आपण घरात सोनं असतं म्हणून थोडीच लावतो? कोण केव्हा आत येईल हे आपण ठरवावं, एवढ्यासाठी लावतो.

तेव्हा सध्याचा शिरस्ता असा आहे. फोन आणल्या-आणल्या कुठल्या ॲपने कॅमेरा मागितला होता ते एकदा बसून पाहिलं. कॅल्क्युलेटरसारख्या दिसणाऱ्या एका ॲपला माझं तोंड कशाला हवं होतं ते कळेना. त्याला रजा दिली. एरवी स्विच बंद. चहाच्या टपरीवर, मुलीच्या बंगळूरहून येणाऱ्या फोनवर, आणि दारातली बोगनवेल फुलते तेव्हा चालू. अनोळखी व्हिडिओ कॉल आला तर घेतच नाही, कारण अनोळखी माणसाला माझ्याशी बोलायचं असेल तर त्याला माझं नाक बघण्याची गरज नाही.

एवढा चोख बंदोबस्त झाल्यावर गेल्या आठवड्यात बायकोने माझा एक फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. लुंगी, बनियन, हातात झारी, कढीपत्त्याच्या कुंडीसमोर वाकलेला मी. मागून काढलेला. ग्रुपवर साठ माणसं, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांनी अंगठे दाखवले. तिच्या फोनवर माझा अधिकार चालत नाही, आणि नऊ न्यायमूर्तींचा निकाल तिला वाचून दाखवण्याची माझी छाती नाही. तरी मला त्या फोटोची भीती वाटली नाही. तो कुणी काढला, कुठून काढला, हे मला माहीत होतं आणि काढणारीला समोर बसवून संध्याकाळी भांडता येत होतं. भांडलोही. हरलो, ते अलाहिदा.