भरतीची फाइल

नवी मुंबईतला सर्वांत सुखी रोहित पक्षी चौकातला आहे. त्याला भरतीचं पाणी लागत नाही, शेवाळ लागत नाही, कच्छहून उडत येण्याची दगदग नाही. एका पायावर उभं राहायचं, रात्री अंगावर दिवे सोडून घ्यायचे आणि पाहुणे यायचे असले की गुलाबी रंगाचा नवा हात मारून घ्यायचा. शहर स्वतःला ‘फ्लेमिंगो सिटी’ म्हणवतं ते याच्या भरवशावर. खऱ्या पक्ष्याची मुळात एक अडचण आहे. तो जागा मागतो. आणि या शहरात जागा मागणाऱ्याने चौरस फुटाच्या भावात बोलावं, अशी रीत आहे. रोहिताकडे तर पॅनकार्डही नाही.

तुम्हाला हवामान न्यायाच्या चळवळीत उतरायचं असेल, तर हे आधी समजून घ्या. वितळणारे हिमनग, पॅरिसचा करार, दीड अंश सेल्सिअस हे सगळं घरून वाचून या. इथे त्यातलं काही विचारत नाहीत. इथे विचारतात, ‘पाइप कोणाचा?’

नेरुळचं डीपीएस तळं घ्या. तीसेक एकरांचं. खाडीचं पाणी आधीपासूनचं, शाळा नंतरची. पण पत्ता शाळेच्या नावाने चालतो. या तळ्यात भरतीचं पाणी येण्याच्या वाटा, म्हणजे पाइप, आहेत, आणि समुद्र दिवसातून दोनदा न चुकता हजर होतो, तेही बायोमेट्रिक यंत्र नसताना. मग शेजारी प्रवासी जेट्टी झाली. शंभर कोटींच्या वर खर्च. बांधून झाल्यावर बराच काळ ती बोटीचीच वाट पाहत होती. त्या कामात पाण्याची वाट बुजली, असं पर्यावरणवाले म्हणू लागले. २०२४च्या उन्हाळ्यापर्यंत तळं कोरडं पडलं. बिथरलेले रोहित रस्त्यावर उतरले, कुत्र्यांच्या तावडीत सापडले, मेले. त्याआधी काही जण जेट्टीजवळच्या भल्यामोठ्या नामफलकावर आपटून गेले होते. ओरड झाल्यावर तो फलक काढण्यात आला. पाटी काढायला दोन माणसं आणि एक शिडी पुरते. पाणी सोडायला किती खाती लागतात, हे समजायला तुम्हाला कार्यकर्ता व्हावं लागेल.

तर ऐका. जमीन सिडकोची, म्हणजे शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची. त्या जमिनीवरचं शहर महापालिकेचं. खारफुटी कांदळवन कक्षाची, म्हणजे वनखात्याची. जेट्टी म्हटलं की सागरी मंडळ आलं. किनाऱ्यावर काही करायचं तर किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण. महसुलाच्या नोंदी जिल्हाधिकाऱ्यांकडे. चंद्र कोणाच्या अखत्यारीत येतो, एवढाच प्रश्न अजून कुणी लेखी उपस्थित केलेला नाही. तो झाला की भरतीची फाइल पूर्ण होईल.

नवा कार्यकर्ता पहिल्या आठवड्यात घोषणा शिकतो आणि दुसऱ्या आठवड्यात ‘प्रत माहितीसाठी’. तुम्ही मुख्यमंत्र्यांना ईमेल करता. ती तिकडून पर्यावरण विभागाकडे ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ येते, तिथून खाली, तिथून आणखी खाली, आणि सरतेशेवटी ज्यांच्याविरुद्ध तक्रार त्यांच्याच टेबलावर ‘अहवाल सादर करावा’ या शेऱ्यासह उतरते. पाण्याला इतका उतार मिळाला असता, तर तळं केव्हाच भरलं असतं.

मधल्या काळात एक मुद्दा हमखास येतो: हे पाणथळ आहेच कुठे? नोंद दाखवा! सिडकोनेही या तळ्याच्या पाणथळपणाविषयी हीच भूमिका घेतली होती. मुद्दा बिनतोड आहे. जी जागा कागदावर पाणथळ नाही, तिथे पाणी दिसत असेल तर ते पाणी अनधिकृत. आणि अनधिकृत गोष्टींचं आपल्याकडे काय करतात? बहुधा नियमित करतात. पण पाण्याला ती सोय नाही, कारण पाण्याला नगरसेवक नाही.

शेजारीच एनआरआय वसाहत आणि टी. एस. चाणक्य ही नौकाप्रशिक्षण संस्था यांच्यालगतची पाणथळं आहेत. तिथे गोल्फचं मैदान आणि घरं व्हायची होती. सीवूड्सचे नागरिक न्यायालयात गेले आणि नोव्हेंबर २०१८मध्ये उच्च न्यायालयाने तो बेत उधळला. मग भांडण सर्वोच्च न्यायालयात गेलं. गोल्फवाल्यांचीही बाजू समजून घ्या. मैदान हिरवं असतं, त्यात मधे मधे पाणी असतं, उडणारं पांढरं काहीतरीही असतं. एवढं असताना पक्ष्यांचा हट्ट कशाला? २०१८च्याच सप्टेंबरमध्ये उच्च न्यायालयाने खारफुटी तोडणं म्हणजे जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग आहे, असं स्पष्ट सांगितलं होतं. तेव्हापासून खारफुटी कुणी तोडत नाही. ती हल्ली डेब्रिजखाली आपणहून मरते.

रविवारच्या मानवी साखळीला मात्र जरूर जा. सकाळी सातला, पाम बीच रोडच्या आसपास कुठेतरी गाडी लावून. गाडीच लावावी लागते, कारण सायकलने येणारी माणसं त्या वेळी दूध आणि पेपर टाकत असतात. हातात फलक, डोक्यावर टोपी, शेजारी सोसायटीचे सेक्रेटरी. याच सोसायटीने मागल्या महिन्यात गॅलरीवर पानं पडतात म्हणून पिंपळ छाटण्याची परवानगी मागितली होती. चेष्टा करायला ही मंडळी सोपी आहेत, म्हणून करून घेतली. पण एक कबूल करायलाच हवं. नॅटकनेक्टसारख्या संस्थांनी आणि या सकाळच्या टोपीवाल्यांनी वर्षानुवर्षं पत्रं पाठवली नसती, तर आज तळ्याच्या जागी ‘लेक व्ह्यू’ नावाचा टॉवर असता, आणि त्याच्या माहितीपुस्तिकेत रोहित पक्ष्याचं चित्र.

साखळी संपल्यावर सगळे इडली खायला जातात. तुम्ही जाऊ नका. करावे, सारसोळे, दिवाळे, यांपैकी कुठल्याही गावच्या धक्क्यावर जा. तिथला एखादा म्हातारा कोळी जाळं शिवता शिवता सांगेल, ‘आमचा पानी बंद झाला तवा कोन नाय आला. पाखरू मेला तं सगली आली.’ याला उत्तर तयार ठेवा. माझ्याकडे नाही.

कारण न्यायाचा हिशेब त्याच्यापासून सुरू होतो. सिडको आली १९७०मध्ये, ९५ गावांच्या जमिनी घेऊन. भातखाचरं, मिठागरं, खाजणं, निवट्या-खेकड्यांचे चिखल, सगळं नकाशावर ‘विकासयोग्य क्षेत्र’ झालं. जानेवारी १९८४मध्ये जासई-दास्तानला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले, गोळीबारात पाच जण गेले, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा मार्ग निघाला. आणखी मागे जायचं तर अलिबागजवळच्या चरीच्या खारपट्टीत १९३३ला कुळांनी शेती करणंच थांबवलं आणि सहा वर्षं नेट धरला. त्यांच्या आंदोलनाला कुणी हवामानाचं नाव दिलं नाही. बांध, खारं पाणी आणि पीक यांच्यावर ज्यांचा जीव टांगलेला, त्यांना तशी गरज वाटली नसावी.

उरणच्या मच्छीमारांनी तर हिशेब रुपयांत मांडून घेतला. बंदरासाठी भराव पडला, खाडीची तोंडं आवळली, खारफुटी गेली, मासळी गेली. फेब्रुवारी २०१५मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने १,६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये द्यायला सांगितले. देणाऱ्यांत जेएनपीटी, ओएनजीसी आणि सिडको. अर्थात निकाल लागणं आणि पैसे मिळणं यांच्यामध्ये आपल्याकडे एक खाडी असते, तिथे भराव टाकायला कुणी येत नाही.

आणि खारघर. १६ एप्रिल २०२३, महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा, उघडं मैदान, भर दुपार. मंचावर सावली होती, मैदानात नव्हती. १४ माणसं गेली. हवामान न्यायावरचं इतकं सोपं प्रात्यक्षिक जगात कुठल्या परिषदेत दाखवलं नसेल. यावर विनोद सुचत नाही, म्हणून पुढे जातो.

पुढे विमानतळ आहे. त्यासाठी उलव्याची टेकडी उतरवली, उलवे नदीला वळण दिलं, दहा गावं हलवली. ८ ऑक्टोबर २०२५ला उद्घाटन झालं, नाताळच्या दिवशी विमानं उडू लागली. आता पक्षी विमानांना धोकादायक, सबब पाणथळं नकोत, असा एक व्यावहारिक विचार बोलला जातो. पक्षी अभ्यासणारी बीएनएचएस उलटं सांगते: पाणथळं राखा, नाहीतर बसायची जागा शोधत पक्षी धावपट्टीकडे येतील. मे २०२४मध्ये घाटकोपरला एका विमानाच्या धडकेत चाळिसेक रोहित मेले, तेव्हा हा विमानतळ सुरूही झाला नव्हता. पण शास्त्रज्ञांचं ऐकायचं, तर मग सल्लागारांनी काय करायचं?

या सगळ्यात शासन गप्प बसलंय, असं मात्र समजू नका. ‘माझी वसुंधरा’ अभियान २०२० पासून आहे. त्यात भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश अशी पंचमहाभूतं आहेत, गुण आहेत, बक्षिसं आहेत. ऑनलाइन शपथ घेता येते. घरबसल्या, एसी चालू ठेवून. शपथेला भरतीचं पाणी लागत नाही.

आणि तळ्याचं म्हणाल, तर एप्रिल २०२५मध्ये मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्य वन्यजीव मंडळाने डीपीएस तळ्याला संवर्धन राखीव क्षेत्र करायला मंजुरी दिली. खरंच दिली! टोपीवाल्यांनी पेढे वाटले तर खा, त्यांचे ते हक्काचे आहेत. धक्क्यावरच्या म्हाताऱ्याकडेही एक पोचवा आणि तो काय म्हणतो ते ऐकून या. आता राखीव क्षेत्र म्हटलं की तिथे मोठा फलक लागणारच: नाव, बोधचिन्ह, मान्यवरांचे फोटो. तेवढी त्याची उंची ठरवताना रोहितांचं ना हरकत प्रमाणपत्र घ्यावं, असा अर्ज करून ठेवा. प्रत माहितीसाठी सर्वांना.