कलम 323 साहेबांस, स.न.वि.वि.

श्री. कलम 323,
भारतीय दंड संहिता (सेवानिवृत्त) यांस,

पत्रास कारण की, आपण 1 जुलै 2024 रोजी निवृत्त झालात, हे शिरोली एमआयडीसीत अजून कुणाला पटत नाही. 1860 सालच्या संहितेतली एवढी लांब नोकरी, आणि एकदाही चारित्र्य पडताळणी नाही! भाग्य लागतं. बरं, निवृत्त तरी कसले? न्याय संहितेत 115(2) या नावानं पुन्हा रुजू झालात आणि दंडाची कमाल हजारावरून दहा हजारांवर नेलीत.

आमच्या गल्लीतली एक पोरगी जीएनएम नर्स झाली. बाप फाउंड्रीत मोल्डिंगला. ती एकोणीसची असताना भावकीत बांधावरून जुंपली. चुलत्यानं फिर्यादीत तिच्यासह घरातली चार नावं घातली, मग पाचवी आजी घातली. आजीला धरल्याशिवाय उठता येत नव्हतं. पण पाच माणसं भरल्याशिवाय बेकायदा जमाव होत नाही, त्याला कोण काय करणार! साध्या मारहाणीचं कलम म्हणून आपण एकटे अदखलपात्र, म्हणून बेकायदा जमावाच्या 143 आणि दंगलीच्या 147 ला सोबत घेऊन आलात. पुढं तारखांना कंटाळून चुलत्यालाच कोर्टात काही आठवेना. सगळे निर्दोष सुटले, आजी वगळून. ती निकालाआधीच गेली.

आता सरकारी नोकरीचा साक्षांकन नमुना. शिक्षा झाली होती का, एवढंच विचारून तो थांबत नाही. कधी गुन्हा दाखल झाला होता का, हेही विचारतो. गल्लीतल्या वकिलांनी (सनद एकाकडेही नाही) सल्ला दिला, ‘नाही’ लिही. पोरगीनं ‘होय’ लिहिलं. शहाणी निघाली. 2016 च्या अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगून ठेवलंय की माहिती दडवली तर नोकरी जाऊ शकते. किरकोळ प्रकरण असेल तर साहेबानं दुर्लक्ष करायला हरकत नाही. मात्र खरं सांगणाऱ्याला नेमलंच पाहिजे, अशी सक्तीही नाही. म्हणजे लपवलं तर दार बंद, सांगितलं तर दाराबाहेर बाकड्यावर.

असा रकाना निवडणुकीच्या शपथपत्रातही असतो. 2024 च्या लोकसभेत 543 पैकी 251 जणांनी तो भरला आणि ते सभागृहात जाऊन बसले. तेही जमत नसेल, तर पोरगीनं बांधावर उभं राहण्याऐवजी शिरोली पुलाजवळ चक्काजाम करायला हवा होता. आंदोलनाचे खटले मागे घ्यायला शासन निर्णय तरी निघतात. भावकीच्या भांडणाला कुठला पक्ष आणायचा?

आपण अनुभवी. नव्या घरी जाताना जुन्या घरचं सामानही हलवावं, एवढीच विनंती.

आपला,
शिरोलीकर

ता. क. चुलत्याला साखर आहे. इन्शुलिन टोचून घ्यायला तो रोज सकाळी तिच्याच दारात येतो आणि बाही वर करत विचारतो, “काय गं पोरी, आली का ऑर्डर?”