बॅटरी टाकली की चालू

वडगावपासून कुरवंड्यापर्यंत मावळात कुठेही जा, एखाद्या गोठ्यामागे महिंद्राची जुनी फोर बाय फोर जीप उभी असते आणि तिचे मालक अण्णा. नाव काहीही असो, गाव त्यांना अण्णाच म्हणतं. "बंद पडलीय का?" असं मात्र त्यांना चुकूनही विचारू नये.

"बंद नाय, उभी हाय. बॅटरी टाकली की चालू!"

ही बॅटरी टाकायची वर्षानुवर्षं राहून गेलेली असते. दरम्यान द्रुतगती मार्गात गेलेल्या जमिनीचे पैसे येतात, त्यातून दारात स्कॉर्पिओ येते, पैसे संपतातही. जीप जागची हलत नाही. लोणावळ्याकडचा पाऊस पत्रा खात राहतो. हुडाच्या चिंध्या झालेल्या, वायरिंग उंदरांनी संपवलेलं, बॉनेटखाली पेंढा. भंगारवाल्याला अण्णा पाणीही न विचारता परत पाठवतात. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नव्याने करावी लागते, हे त्यांना मान्य आहे. फक्त तो नियम नवीन गाड्यांसाठी असावा, असा त्यांचा समज आहे.

मग एका दिवाळीनंतर, भात झोडून झाल्यावर, अण्णांच्या अंगात येतं. कामशेतहून मिस्त्री बोलावला जातो. पण मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसलेली असते आणि तिला उठवायचं नाही, असा घरातून हुकूम निघतो. म्हणजे मुहूर्त तीन आठवडे पुढे.

पिल्लं उतरल्यावर बॅटरी टाकतात. सेल्फ एकदा 'टक्' करतो आणि गप्प. इंजिन जाम! मिस्त्री नोझल काढून चारही सिलिंडरमध्ये डिझेल ओततो, आठवडाभर मुरू देतो आणि मग पान्याने पुली हळूहळू मागे-पुढे करतो. पुढे टाकीतला गाळ, नवा फिल्टर, ब्रेकचे गंजून बसलेले सिलिंडर. शेवटी लाइनमधली हवा काढायची. बुडबुडे थांबून सलग डिझेल येईपर्यंत मिस्त्री हातपंप मारत राहतो. अण्णा शेजारी उभे राहून फक्त एवढंच म्हणतात, "बॅटरी चांगली टाकली ना?"

इंजिन सुरू होतं. आधी पांढरा, मग काळा धूर, आणि गोठ्यातली म्हैस दावं तोडून पसार. पण गिअर पडत नाही, क्लचप्लेट गंजाने चिकटलेली. मिस्त्री मोकळ्या खाचरात गिअरमध्येच सेल्फ मारतो, क्लच दाबून धरतो आणि ॲक्सिलरेटर देत-सोडत जीप गोल गोल फिरवतो. बाजूला बसलेले अण्णा ओरडतात, "थांबव रं!" मिस्त्री म्हणतो, "थांबवली तर पुन्हा हेच!" तिसऱ्या बांधाला दणका बसतो, प्लेट सुटते. अण्णांची टोपी खाचरातच राहते.

त्यानंतरचे अण्णा बघण्यासारखे असतात. स्कॉर्पिओ असताना किराणा जीपमधून येतो. सपाट डांबरी रस्त्यावरही ते छोटा गिअर ओढून फोर-लो टाकतात, "सवय राहावी" म्हणून. खरा आनंद मात्र पावसाळ्यातला. लोणावळ्याहून राजमाचीला जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर पुण्यामुंबईच्या पोरांची थार चिखलात रुतते, आणि अण्णा तिथून 'सहज' जात असतात. दोर बांधतात, छोटा गिअर ओढतात, थार बाहेर.

पैसे? छे! पोरांनी पाकीट काढलं तर रागावतात. दोर सोडायला मात्र त्यांना घाई नसते. टेकून उभे राहतात आणि गोष्ट सुरू करतात: १९४७ साली महिंद्रांनी मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली तिथपासून. त्यांच्या एमएम ५४० मधलं प्यूजोचं डिझेल इंजिन यायलाच पाऊण तास लागतो; त्यात कोंबडीचं प्रकरण आलं, तर आणखी. थार निघाली २०१० साली. पोरं भिजत उभी असतात, आपल्या गाडीची पाळी कधी येते याची वाट बघत.