पर्याय पाच, सर एक

जळगाव-धुळ्यात एम.टेक. इलेक्ट्रिकलला प्रवेश घेतला की हातात ऐच्छिक विषयांची यादी पडते. एचव्हीडीसी, स्मार्ट ग्रिड, पवन ऊर्जा. लग्नाच्या पंगतीसारखी भरगच्च. मग कळतं, शिकवायला सर एकच, आणि त्यांचा विषय ठरलेला. सीनियर कानात सांगतो, "काय भो, विचार कसला करतो? नोट्स तयार आहेत तोच घे." म्हणजे निवड झाली! बाहेर दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रात ५०० मेगावॅटचे दोन संच, साक्री तालुक्यात शिवाजीनगरला १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प, ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या. पोरं तिथे जातात, पण सेल्फीपुरती. फॉर्मवर सही करण्याआधी एकदा एसटीने साक्रीला जाऊन या. तिकीट परीक्षा फीपेक्षा स्वस्त आहे.