अराकिसचे पाणकरी

शिरोळच्या रानात रात्रपाळीची वीज आली की मोटर सुरू होते आणि आमच्या एका मित्राचा मोबाइलही. ‘ड्यून’ सिनेमाचे दोन्ही भाग त्याला पाठ. अराकिस ग्रहावर लोक अंगचा घामसुद्धा गाळून पितात, हे सांगताना त्याचा गळा दाटतो. तोवर सरीतलं पाणी ऊस बुडवून बांधावरून शेजाऱ्याच्या रानात. शेजारचं रान आधीच क्षारपड, मिठासारखं पांढरंफटक. तिकडे लक्ष जात नाही. परग्रह थोडाच आहे तो! २०१९च्या महापुरातही त्याची पहिली हळहळ हीच, की चार्जिंग संपलं. एवढं परग्रहांचं वेड, म्हणून नारळीकरांच्या विज्ञानकथा वाचल्यास का, विचारलं.
‘‘ते जन्मानं आपल्या कोल्हापूरचंच की!’’
एवढ्यावर त्यांच्यातला रस संपला.