ओरेसुंडचा पूल, प्राधिकरण मार्गे

निगडी प्राधिकरणातल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमधल्या प्रोजेक्टरवर गणपतीतले फोटो आणि वार्षिक सभेचा जमाखर्च सोडून दुसरं काही कधी झळकलं नव्हतं. 'द ब्रिज' ही स्वीडन-डेन्मार्कची पोलिसी मालिका तिथं दाखवायची टूम मी काढली. कमिटीच्या बैठकीत 'जागतिक दर्जा', 'अभिरुची' वगैरे शब्द मी इतके फेकले की सेक्रेटरींनी कंटाळून किल्ली दिली.

स्वीडन निगडीला परकं नाही. स्वीडिश कंपन्याच बघा: एसकेएफ चिंचवडला, सँडविक आणि अल्फा लावल दापोडीला. तिथून निवृत्त झालेलं कुणी ना कुणी प्राधिकरणाच्या गल्लीबोळांत भेटतंच. आमचे तळमजल्यावरचे काका तर गोथेनबर्गला ट्रेनिंग करून आलेले. त्यामुळे स्वीडनबद्दल शेवटचा शब्द त्यांचा, आणि तो लवकर संपत नाही.

मालिका २०११ ची. कोपनहेगन आणि माल्मो जोडणाऱ्या ओरेसुंड पुलावर, बरोब्बर सरहद्दीच्या रेषेवर, प्रेत सापडतं. कमरेच्या वर एक बाई, खाली दुसरीच. साहजिकच दोन देशांचे पोलीस कामाला लागतात: स्वीडनची सागा, डेन्मार्कचा मार्टिन.

"यात नवीन काय?" दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त हवालदार म्हणाले. पिंपरी-चिंचवडचं पोलीस आयुक्तालय २०१८ मध्ये झालं. त्याआधी निगडी पुणे शहरात आणि देहूरोड ग्रामीणमध्ये. "हद्दीवरचं प्रेत म्हणजे आधी हद्द बघायची, मग प्रेत." मग झिरो एफआयआर म्हणजे काय, कुठल्याही ठाण्यात गुन्हा कसा नोंदवता येतो, हे त्यांनी सविस्तर सांगितलं. तोवर पडद्यावरचं प्रेत ताटकळत पडलं होतं.

सबटायटल इंग्रजीत. आज्यांसाठी ती मराठीत मोठ्यानं सांगायचं काम मी आपणहून पत्करलं. इथं माझा घात झाला. पहिल्याच भागात कळतं की मार्टिन नुकताच नसबंदी करून आलाय. समोर पहिल्या रांगेत सगळा भजनी मंडळाचा गट. मी म्हणालो, "त्याचं छोटंसं ऑपरेशन झालंय."

"कसलं रे?" चौथ्या मजल्यावरच्या आजी.

"हर्नियाचं."

यानंतर त्या हर्नियाला जागणं आलं. मार्टिन अवघडून चालला की हॉलमधून हळहळ उमटे. "जड उचललं असेल," कुणीतरी म्हणे. सागा ऑफिसात सगळ्यांसमोर सरळ शर्ट बदलते तेव्हा मी खोकत प्रोजेक्टरसमोर जाऊन उभा राहिलो, तर तो सगळा प्रसंग माझ्याच सदऱ्यावर दिसला.

मतांचं म्हणाल तर माणशी दोन. सागा पुलावर हृदयाच्या पेशंटची ॲम्ब्युलन्स अडवते. मार्टिन ती सोडतो, म्हणून ती त्याच्याविरुद्ध रीतसर तक्रार करते. "नियम म्हणजे नियम," काका खूश. "माणुसकी गेली का खड्ड्यात?" काकू. एकींना प्रश्न पडला की एवढा श्रीमंत देश, मग कुणाच्याच घरात ट्यूबलाइट कशी नाही?

मालिकेचं मोठेपण कुणाच्या ध्यानात येईना, म्हणून मी पॉज दाबून उभा राहिलो. श्योवाल आणि वालू या स्वीडिश जोडप्यानं १९६५ ते १९७५ या काळात मार्टिन बेकच्या दहा कादंबऱ्या लिहिल्या, खुनाच्या निमित्तानं तिथल्या कल्याणकारी राज्याची लक्तरं काढली, ही मालिका त्याच घराण्यातली; हा खुनी बघा, कायद्यापुढची विषमता, बेघरांचे हाल अशा पाच सामाजिक दुखण्यांवर बोट ठेवतोय... मी चांगलाच रंगात आलो होतो.

"कसली दुखणी रे," चौथ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या. "हा मार्टिन फार हसतो. यानं कुणाची तरी बायको नादी लावली असणार. तो नवरा सूड घेतोय."

मी हसलो. मोठ्यानं नाही, समंजसपणे, अडाण्यांना क्षमा केल्यासारखं.

(मालिका अजून पाहायची असेल त्यांनी पुढचा परिच्छेद गाळावा.)

पाच दुखणी हा नुसता देखावा. खुनी मार्टिनचा जुना सहकारी. त्याच्या बायकोशी मार्टिनचं लफडं होतं. मी अजूनही म्हणतो की लेखकांनी तिथं माती खाल्ली. एवढा सामाजिक डोलारा उभारायचा आणि शेवटी लफडं? हवालदारांना मात्र शेवट चोख वाटला. "अख्ख्या नोकरीत तत्त्वासाठी खून केलेला एक आरोपी नाही बघितला मी," ते म्हणाले. हॉलनं त्यांना टाळ्या दिल्या. आजींना तर उभं राहून.

"दुसरा सीझन कधी लावतोस?" जाताना आजींनी विचारलं. "पण वाचायला माझी नात बसेल."

"का? मी कुठं चुकीचं सांगितलं?"

"हर्निया," आजी चप्पल शोधत म्हणाल्या. "पाच पोरांचा बाप तो. आमच्या ह्यांचा तसला हर्निया शहात्तर सालीच झाला."