दुसऱ्याचा विचार

रविवारी सकाळी तर्री-पोह्यांच्या गाडीवर मी सहज बोलून गेलो, "सध्या दुसऱ्याचा विचार करून राहिलो." मित्राच्या हातातली प्लेट कलली आणि पोह्यांवरची लाल तर्री त्याच्या पांढऱ्या शर्टावर आली.

"बाप्पा! या वयात? वहिनीले मालूम हाये का बे?"

त्याची काही चूक नव्हती. आमचा पहिला सत्तावीस वर्षांचा आहे, बंगळुरूला नोकरी करतो. बँकेतला चोपन्न वर्षांचा माणूस दुसऱ्याचा विचार करतो म्हटल्यावर ऐकणाऱ्यानं काय समजायचं? मी घाईघाईनं सांगितलं, दुसरा म्हणजे दुसरा गेम. कॉम्प्युटरवरचा, ऑनलाइन, भूमिका घेऊन खेळायचा. त्याचा चेहरा पडला. शर्टही गेला आणि बातमीही गेली. तरी त्यानं काळजीनं विचारलं, "पैसे लावून खेळायचे गेम तर सरकारनं बंद केले ना बे?" केले, २०२५च्या ऑगस्टमध्ये कायदा झाला. पण त्या कायद्याचा रोख पैसे परत मिळण्याच्या आशेवर आहे. माझ्या गेममध्ये पैसे फक्त जातात, परत यायची काही सोयच नाही, त्यामुळे सरकारची हरकत नाही. हरकत आहे ती घरातून.

आता पहिल्याची हकीकत. टाळेबंदीत मुलगा घरी आला होता. मी दिवसभर बातम्या बघून उसासे टाकतो हे त्याला बघवेना. त्यानं मला त्याच्या कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट लावून दिला. हा गेम २००४पासून चालू आहे. चालू म्हणजे अक्षरशः चालू. आपण बंद करून जेवायला बसलो तरी तिकडचं जग थांबत नाही, हजारो लोक त्यात हिंडत असतात. गुहेत शिरायचं तर पाच जणांची टोळी लागते. एक जण ढाल होऊन मार खातो, एक जण जखमा भरतो, उरलेले तिघं हाणतात. लग्नघरातही साधारण हीच विभागणी असते. मी जखमा भरायचं काम घेतलं, कारण ते मागे उभं राहून करायचं असतं आणि मला वाटलं, मागच्या बाकावर कोणाचं लक्ष जात नाही. पात्राला नाव दिलं 'सावजी'. ज्या नावाच्या रश्श्यानं भल्याभल्यांच्या डोळ्यांत पाणी येतं, त्या नावाचा धर्मगुरू युरोपभरच्या योद्ध्यांना मलमपट्टी करू लागला.

मागच्या बाकाबद्दलचा माझा अंदाज साफ चुकला. हाणणाऱ्यांपैकी एखादा आला नाही तर चालतं, वैद्य आला नाही तर सगळे मरतात. मंगळवार आणि गुरुवार, त्यांची संध्याकाळ म्हणजे आमचे रात्रीचे साडेअकरा. वीस-पंचवीस माणसं माझी वाट बघत असतात. त्यांत एक स्वीडनचा बसड्रायव्हर आहे, एक पोर्तुगालची शिक्षिका आहे, एक निवृत्त इलेक्ट्रिशियन स्कॉटलंडमधून खोकत असतो. त्यांच्या पोरांच्या परीक्षा, गुडघ्यांची ऑपरेशनं, सगळं मला ठाऊक. भाच्याच्या हळदीला जायचं होतं तेव्हा बँकेत रजेचा अर्ज मी एका ओळीत दिला होता. टोळीच्या म्होरक्याला मात्र तीन परिच्छेद लिहिले आणि तरी मांडवात मनाला टोचणी लागून राहिली. बायको विचारते, "अहो, तुमचं ते हॉस्पिटल कितीला सुटतं?"

म्हणून दुसरा हवा होता. सहज खेळायला, कधीमधी. अटी चारच: माझी कोणी वाट बघू नये, दूध उतू जायला लागलं तर मधूनच उठता यावं, दर महिन्याला वर्गणी नको, आणि तो नागपूरच्या नेटवर चालावा.

चौथी अट साधी वाटते, पण इथं नागपूरकराची गोची आहे. शाळेपासून आम्हाला अभिमान असतो की झीरो माइलचा दगड आपल्याकडे आहे, चार घोडे आणि खांब, सगळा देश आपल्यापासून मोजायचा. गेम खेळायला लागल्यावर या अभिमानाची दुसरी बाजू कळते. मधोमध असणं म्हणजे सगळ्यांपासून सारखंच लांब असणं. जगाची केबल समुद्रातून वर येते ती मुख्यतः मुंबईला नाहीतर चेन्नईला. तिथून ती आमच्यापर्यंत येणार, आमचं बटण दाबणं उचलणार, परत समुद्रात उतरून सिंगापूर किंवा युरोप गाठणार, उत्तर घेऊन माघारी येणार. प्रकाश काचेच्या तारेतून सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो, पण वाटेतले थांबे धरले तर युरोपच्या फेरीत सेकंदाचा पाचवा भाग सहज जातो. बँकेत एवढ्या वेळात काहीच होत नाही. राक्षसासमोर माणूस मरतो. शिवाय मे महिन्यात पारा सेहेचाळिसाच्या पुढे गेला की नेटवाल्याचा डबा आधी मान टाकतो. त्याच्या माणसाला फोन केला तर तो म्हणतो, "काका, कूलर डब्याकडे करून पाहा ना." मग कूलर डब्याकडे असतो आणि मी घामात.

पहिला पाहुणा आला फायनल फँटसी चौदा. याची जन्मकथाच नमुनेदार आहे. २०१०मध्ये हा इतका वाईट निघाला की कंपनीनं गोष्टीत आकाशातला एक छोटा चंद्र पाडून ते अख्खं जग बुडवलं आणि २०१३मध्ये नवं उभं केलं. चूक कबूल करण्याची अशी पद्धत मी आमच्या हेड ऑफिसात सुचवून पाहणार आहे. सत्तराव्या पातळीपर्यंत हा फुकट, मुदत नाही. माणसं कमालीची सभ्य. पण बोलतात फार! भेटेल तो अध्यक्षीय भाषण करतो आणि आपण मान डोलवत बटण दाबायचं. इथं एकाच पात्राला सगळे धंदे शिकता येतात, तलवारीपासून शिवणकामापर्यंत. मी ठरवून तलवार घेतली. पण गुहेत शिरायला तलवारवाल्यांची रांग लांब असते, वैद्यांना पटकन घेतात. दुसऱ्या आठवड्यात मी काय झालो हे सांगायला नको.

मग गिल्ड वॉर्स टू. २०१२चा, महिन्याची वर्गणी नाही. पातळी पहिल्या दिवसापासून ऐंशीला थांबते ती थांबतेच, वर्षभर गैरहजर राहिलात तरी तुम्ही मागे पडत नाही. हे माझ्याच साठी लिहिलंय असं वाटलं. त्यात कोणी जखमी होऊन पडला की वाटेनं जाणारा कोणीही त्याला उठवू शकतो आणि त्याचं थोडं पुण्यही पदरी पडतं. झालं. मी माझं काम सोडून पडलेल्यांना उठवत हिंडू लागलो, रस्त्यावरचा अपघात बघितल्यावर स्कूटर लावून धावणाऱ्या नागपूरकरासारखा. शेवटी केबलनं निकाल दिला. राक्षसाचा घाव चुकवायला इथं नेमक्या क्षणी उडी मारावी लागते. माझी उडी तिकडे पोचेपर्यंत मला उठवायला दुसरं कोणी आलेलं असे.

गेन्शिन इम्पॅक्ट फोनवर चालतो, दिसायला देखणा. पण त्यात आवडतं पात्र हवं तर सोडत काढावी लागते आणि रोज नेमून दिलेली चार कामं असतात. रोजची टार्गेटं मला ओळखीची आहेत, त्यांच्यासाठी बँक मला पगार देते. सोडतीचं मी घरी समजावून सांगितलं तर बायको म्हणाली, "म्हणजे मटकाच की." मी फोनवरून तो काढला.

अशा वेळी माणूस गेम सोडून स्वतःकडे बघू लागतो. असल्या खेळांचा मूळपुरुष १९७८मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात जन्मला. रॉय ट्रबशॉ नावाच्या विद्यार्थ्यानं तो लिहायला घेतला, रिचर्ड बार्टलनं पुढे नेला. चित्रं नव्हती, नुसती अक्षरं. पुढे १९९६मध्ये याच बार्टलनं लेख लिहून खेळाडूंचे पत्त्यांप्रमाणे चार रंग पाडले. चौकट म्हणजे हिरे, ही मंडळी मिळकत मोजत बसतात. इस्पिकाला इंग्रजीत फावडं म्हणतात, ते खणत राहतात, डोंगरापलीकडे काय आहे ते बघतात. किलवर म्हणजे सोटा, ते दुसऱ्याच्या टाळक्यात घालायला येतात. आणि बदामवाले येतात ते माणसांसाठी, गेम हे त्यांचं निमित्त. आमच्या दिवाळीच्या रमीला हे चारही रंग एका सतरंजीवर बसलेले असतात, हे मी पूर्वीच ओळखायला हवं होतं. मी स्वतःला हिंडणारा इस्पिक समजत आलो होतो. हे बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "तुम्ही भाजी आणायला जाता आणि दीड तासानं भाजीवाल्याच्या जावयाची चौकशी करून रिकाम्या पिशवीनं परत येता. त्यासाठी इंग्लंडातला माणूस कशाला लागतो?"

खरं तर भूमिका घेण्याचं वेड आम्हाला इंग्लंडातून आलंच नाही. माझं आजोळ ब्रह्मपुरीकडचं. धान घरात आलं की झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात, दिवाळीपासून होळीपर्यंत. गावात शंकरपट भरला की रात्री नाटक ठरलेलं, आणि ते उजाडेपर्यंत चालायचं. वडश्याहून कंपनी यायची. कालच्या गावात खलनायक असलेला माणूस आजच्या गावात मुलीला निरोप देणारा बाप होऊन बायाबापड्यांना रडवायचा. पहाटे तोच गोठ्यामागे तोंडाचा रंग धुताना दिसायचा आणि मामा त्याला चहा द्यायचे. त्याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३मध्ये पद्मश्री मिळाली. पाच हजारांवर प्रयोगांत त्यांनी आठशे भूमिका केल्या आहेत. आठशे! आणि मी दुसऱ्या भूमिकेसाठी चार महिने अडून बसलो होतो. पण त्यांच्यात आणि माझ्यात एक फरक ध्यानात आला. त्यांचा रंग पहाटे धुतला जातो. माझा सावजी मात्र बुधवारी सकाळी बँकेच्या काउंटरवर बसलेला असतो आणि स्कॉटलंडच्या खोकल्याची काळजी करत असतो.

शेवटी दुसरा मिळाला. ओल्ड स्कूल रूनस्केप. गॉवर बंधूंनी २००१मध्ये काढलेल्या गेमचं हे जुनं रूप. नवं रूप लोकांना रुचेना, तेव्हा २०१३मध्ये खेळाडूंचं मत घेऊन कंपनीनं २००७ची जपून ठेवलेली प्रत पुन्हा चालू केली. दिसायला अगदी साधा, माणसं तान्ह्या पोळ्यातल्या लाकडी बैलासारखी ताठ चालतात. काही भाग फुकट. मुख्य म्हणजे हा ०.६ सेकंदाच्या ठोक्यावर चालतो. तुमचं बटण त्या ठोक्याच्या आत पोचलं की झालं, त्यामुळे झीरो माइलचा माणूस आणि लंडनचा माणूस जवळजवळ एका रांगेत येतात. एकदा झाडावर क्लिक केलं की आपला माणूस कुऱ्हाड चालवत राहतो, आपण दूध बघून यावं.

मी मासे धरतो. सुरुवातीला छोट्या जाळ्यात फक्त झिंगे येतात. बायको डोकावली.

"काय चाललंय?"

"झिंगे पकडतोय."

"आपल्या घरात?"

"शिजवतोही. पण जळतात."

तिच्या माहेरी अंडंसुद्धा चालत नाही. तरी ती क्षणभर पडद्याकडे बघून म्हणाली, "आच कमी करा."

दोन महिने असे सुखात गेले. कोणी विचारायला नाही, कोणी वाट बघायला नाही. गेल्या आठवड्यात तळ्याकाठी एक नवखा आला, अंगावर धड कपडे नाहीत. त्यानं मोडक्या इंग्रजीत विचारलं, खायला काही आहे का? मी शिजवलेले वीस मासे दिले. कोंबड्या कुठे मिळतात ते दाखवलं. दुसऱ्या दिवशी रात्री दहाला मी गेलो तर तो तिथेच उभा होता, सोबत आणखी दोघं. "ते म्हणतात, तू मासे देतोस."

आता रात्री दहा ते अकरा मी त्या तिघांसाठी झिंगे पकडतो. मंगळवारी आणि गुरुवारी तिथूनच साडेअकराला हॉस्पिटल गाठतो. मित्राला हे सांगितलं तेव्हा त्यानं आधी प्लेट नीट धरली, मग म्हणाला, "मंग आता तिसऱ्याचा विचार करून राहिला का बे?"

नाही. तेवढा वेळ नाही. या गेममध्ये मासेमारीची शेवटची पातळी नव्व्याण्णव, तिला १,३०,३४,४३१ गुण लागतात, आणि हिशेब असा की ब्याण्णवाव्या पातळीवर पोचलं की जवळजवळ अर्धी वाट होते. मी सध्या त्रेपन्नवर आहे.